खमीर बाळारामकडे गेलं

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला धक्का बसायला नको. सत्तर-ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत ज्या मोजक्या चांगल्या बेकऱ्या होत्या, त्यांच्याबद्दल लिहा, असं या अंकाच्या मंडळींनी सांगितलं. मी लगेच हो म्हणालो, कारण मला वाटलं, माझ्याच बेकरीबद्दल लिहायचंय. मागाहून कळलं की इतरांबद्दलही लिहायचंय. आता शब्द दिलाय, तर लिहितो.

तुर्भ्याच्या नाक्यावर दोघा मलबारी भावांची बेकरी होती. ट्रकवाल्यांसाठी टोस्ट भाजायचे. टोस्ट चांगला, खोटं कशाला बोलू, पण टोस्ट म्हणजे काय, कालचा पाव पुन्हा भाजायचा. त्यात कसब ते किती? कोपरखैरण्याच्या बाजूला एक गोवेकर बाई नाताळात केक करायच्या. केकबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाव मात्र त्यांनी करायला नको होता. झालं, दोन बेकऱ्यांबद्दल लिहून झालं. राहिली बाळारामची भट्टी.

हे नाव लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात. माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. वाईट असता तर किती बरं झालं असतं. निदान चारचौघांत शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आम्ही दोघे मुंबईत माझगावला एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. मी मंडणगडकडचा, आंबेडकरांना मानणाऱ्या घरातला. गावात ज्यांच्या आळीत आम्हाला पाणी वरून ओतलं जायचं, त्यांचीच पोरं मुंबईत मी मळलेला पाव मस्का लावून खायची आणि आणखी एक द्या म्हणायची. पाव कुणी मळला हे खाणारा विचारत नाही. या धंद्यात मी टिकलो तो त्यामुळेच. बाळाराम वाशी गावचा आगरी, खाडीकाठचा. त्यांची भातशेती आणि मिठागरं नव्या शहराला गेली, तेव्हा तो काम शोधत पुलापलीकडे आला. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. म्हणजे मी थोरला चेला, तो धाकटा. मला दादा म्हणायचा. हे थोरलं-धाकटं लक्षात ठेवा, सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी खमीर म्हणजे काय ते सांगतो. आज मळलेल्या पिठातला एक गोळा उद्यासाठी राखायचा. उद्याच्या पिठात तो घातला की ते पीठ फुगतं. त्यातला एक गोळा परवासाठी. असं वर्षानुवर्षं चालतं. त्याला रोज खाऊ घालावं लागतं, उन्हाळ्यात ते मस्ती करतं, थंडीत रुसतं, आणि एकदा मेलं की मेलं. हल्ली डब्यातली यीस्ट मिळते, ती चमचाभर टाकली की झालं. पण त्या पावाला वास नसतो. आमच्या उस्तादांचं खमीर त्यांच्याही उस्तादांकडून आलेलं होतं. ते मडकं ते कुणाला हातही लावू देत नसत.

उस्तादांनी म्हातारपणी आजमगढला परत जायचं ठरवलं. दुकान दुसऱ्याला दिलं, आणि आम्ही सगळे जमलेलो असताना ते मडकं फडक्यात बांधून बाळारामच्या हातात ठेवलं. मी शेजारीच उभा होतो. हात पुढे केलेले होते, ते तसेच मागे घेतले आणि उगाच एकमेकांवर चोळले. नंतर एकटं गाठून विचारलं, तर उस्ताद म्हणाले, ‘‘तेरे को क्या जरूरत?’’ बस, एवढंच. ही शाबासकी होती की टोमणा, ते मला आजवर कळलेलं नाही. पण शाबासकी घरी नेली म्हणून तिने मैदा फुगत नाही.

पुढे मी वाशीला नव्या वसाहतीत गाळा घेतला. तेव्हा रेल्वे नव्हती. खाडीपूल ओलांडून बस यायची, आणि नवी घरं घेतलेले बाबू लोक ऑफिसातून येताना मुंबईहून पाव पिशवीत घालून आणायचे. ते बघून मी म्हटलं, इथे आपलं नशीब आहे. पाटी रंगवून घेतली, काचेचं कपाट केलं, ट्यूबलाइट लावली. भट्टी मात्र लाकडाची, उस्तादांकडे होती तशीच. आणि दुकानाचा नारळ फुटतो न फुटतो तोच कळलं की बाळारामनेही गावात आपल्या घराच्या अंगणात भट्टी बांधली आहे. पाटी नाही, कपाट नाही, ओसरीवर एक बाकडं. बोंबला!

खमीर मला नव्याने धरावं लागलं. नारळाची माडी, मैदा आणि गुळाचा खडा. धरलं, चांगलं धरलं. पाव चांगला व्हायचा, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. गिऱ्हाईक होतं, नाव होतं, तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या कँटीनला माझा पाव जायचा. पण बाळारामचा पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचा. वरचं कवच पातळ, बोटाने दाबलं तर आत जायचं आणि सावकाश वर यायचं. मला कसं ठाऊक? अहो, मी दर आठवड्याला तो आणवून खायचो. स्वतः जायची लाज वाटायची म्हणून बायकोला, वत्सलाला, पाठवायचो. दार लावून घ्यायचं आणि पाव फोडून उजेडात धरायचा, हुंगायचा, जिभेवर नुसता ठेवून बसायचं. वत्सला एकदा म्हणाली की इतक्या प्रेमाने तुम्ही मलाही कधी बघितलं नाही.

मग लोक विचारायचे, त्याच्या पावात असं काय आहे हो? माझं उत्तर तयार असायचं. त्याच्याकडे आमच्या उस्तादांचं खमीर आहे ना, पन्नास-साठ वर्षांचं असेल, ते कुणाच्याही हातात दिलं तरी असाच पाव होईल. हे मी इतक्या लोकांना सांगितलं की वाशीत त्याच्या खमिराची जाहिरात मीच केली म्हणायला हरकत नाही. पण त्या उत्तरावर मला सुखाने झोप लागायची. हात माझाही तेवढाच चांगला आहे, फक्त वारसा त्याला मिळाला, असं म्हणता यायचं.

गिऱ्हाइकांनी मात्र छळलं. वसाहतीत एक निवृत्त हेडमास्तर होते. पाव पायाने तुडवतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. त्या काळी बऱ्याच जणांना तसं वाटायचं. एक दिवस म्हणाले, मला तुमचं मळण दाखवा. मी म्हटलं या. लाकडी डोणी दाखवली. डोणी म्हणजे पीठ मळायची लांबट पेटी. हात कोपरापर्यंत धुऊन, गंजी घालून, तासभर त्यांच्यासमोर पीठ मळलं. भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकून तो कसा तांबूस होतो त्यावरून आच कशी ओळखायची, तेही दाखवलं. मास्तर खूश झाले. आयुष्यभराचा गैरसमज गेला म्हणाले, माझी पाठ थोपटली. आणि तिथून निघाले ते थेट गावात जाऊन बाळारामकडून पाव घेऊन आले. मी दुसऱ्या दिवशी हटकलंच. तर म्हणाले, पाव स्वच्छ करतात हे तुम्ही पटवून दिलंत, आता मनात किंतु राहिला नाही, मग चांगला तिथून का घेऊ नये?

कँटीनचं तर विचारूच नका. तिथल्या मॅनेजरने मला बोलावून अगदी आपुलकीने सांगितलं की कामगारांसाठी तुमचाच पाव चालू राहील, काळजी करू नका, फक्त साहेब लोकांच्या टेबलासाठी त्या गाववाल्याचा मागवणार आहोत. मी हसून ठीक आहे म्हणालो. घरी येऊन जेवलो नाही.

दिवाळीत तर जखमेवर मीठ. तेव्हा बायका घरून तूप, साखर, मैदा घालून नानकटाईचं पीठ मळून आणायच्या आणि बेकरीत भाजून न्यायच्या. पाव काढल्यावर भट्टी जरा उतरते, त्या मंद आचेवर नानकटाई भाजायची. माझ्याकडेही बायका यायच्या, नाही असं नाही. पण माझ्याच सोसायटीतल्या, माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाई, डबा पदराखाली झाकून माझ्या दुकानासमोरून गावाकडे जायच्या. पदराखालचा चौकोनी डबा लपतो का हो? आणि गंमत बघा, आमच्या दोघांच्याही भट्ट्या एकाच मिस्त्रीने बांधलेल्या होत्या. तीच वीट, तीच घुमटी. म्हणजे भट्टीला दोष द्यायची सोय नव्हती. जातीला म्हणावं, तर आमच्या वस्तीतली माणसंसुद्धा त्याच्या ओसरीवर उभी. सगळा भार त्या खमिरावरच होता.

आणि मग एका पावसाळ्यात ते खमीरच गेलं.

झालं असं की नव्या शहरासाठी भराव घालून घालून वसाहतीची जमीन उंच झाली. जुनी गावं होती तिथेच राहिली, बशीच्या तळासारखी. पूर्वी खाडीच्या भरतीला गावकऱ्यांचे बांध अडवून धरायचे. शेती गेली तसे बांध बघणारं कुणी उरलं नाही. त्या वर्षी ऐन उधाणाच्या भरतीला जोराचा पाऊस झाला आणि खाडीचं खारं पाणी वाशी गावात शिरलं. बाळारामच्या घरात गुडघाभर. भट्टी भिजली, डोणी फुगून फाटली, खमिराच्या मडक्यात खारं पाणी. मिठाने खमीर मरतं, हे पाव करणाऱ्या कुणालाही विचारा.

मला बातमी कळली तेव्हा काय वाटलं ते सांगतो. आधी वाटलं, अरेरे, घरात पाणी म्हणजे बायकामुलांचे हाल. आणि त्याच्या मागोमाग, चपला काढायच्या आत, वाटलं, सुटलो. आता सगळे सारखे. आता कळेल.

त्या आठवड्यात वाशीत पाव म्हणजे माझाच. हेडमास्तर आले. वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या, पदर नीट खांद्यावर घेऊन आल्या. साहेबांच्या टेबलावर माझा पाव गेला. मी गल्ल्यावर ताठ बसायचो आणि प्रत्येकाला बाळारामच्या घराची चौकशी करत पाव द्यायचो. इतका प्रेमळ मी पूर्वी कधी नव्हतो.

पाणी ओसरल्यावर एका दुपारी बाळाराम दुकानात आला. पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले, हातात रिकामी कासंडी. काउंटरच्या बाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘दादा, पानी घरान शिरला. खमीर मेला. थोरा तुजा दे.’’

उस्तादांचा एक नेम होता. खमीर मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही आणि त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. फक्त भट्टी पेटली की पहिली पावाची लादी देणाऱ्याच्या घरी आली पाहिजे. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, कुठलं द्यायचं. माझ्याकडे दोन मडकी होती. एकात ताजं, फसफसणारं. दुसऱ्यात जास्त आंबलेलं, जे मी फेकणार होतो.

मी ताजं दिलं. कासंडी काठोकाठ भरून दिली. वत्सला आतून बघत होती, तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मी देवमाणूस झालो. तसं काही नव्हतं. आंबलेलं दिलं असतं आणि पाव बिघडला असता, तर लोक म्हणाले असते, दुसऱ्याच्या खमिराने बिघडला. मला ते नको होतं. मला सरळ सामना हवा होता. तीच घुमटी, तोच मैदा, आणि आता खमीरही माझंच. आता अख्ख्या वाशीला दिसू दे की दोघांत हात कुणाचा. इतकी वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होतो आणि तो दिवस आपल्या पायाने चालत माझ्या दुकानात आला होता.

भट्टी वाळून पेटायला काही दिवस गेले. मग एका सकाळी त्याची पहिली लादी घरी आली, केळीच्या पानात गुंडाळलेली, अजून गरम. मी दार लावून घेतलं. शेजारी माझी लादी ठेवली, त्याच सकाळची. दोन्ही फोडल्या. दोन्ही हुंगल्या. आधी माझा खाल्ला, मग त्याचा, मग पुन्हा माझा. वत्सलानेही दोन्हीतला तुकडा घेतला आणि माझ्याकडे न बघता चहा गाळायला वळली.

त्याचा चांगला होता. माझ्याच खमिराचा, आणि माझ्यापेक्षा चांगला. पूर्वीपेक्षाही चांगला, असं वाटलं मला, पण ते कदाचित जळण्यामुळे असेल.

दुपारभर मी दुकानात काचेचं कपाट पुसत बसलो. संध्याकाळच्या पावाला वेळ होता. मग डोक्यात उजेड पडला. डोणी! लाकूड खमीर पितं. इतकी वर्षं उस्तादांचं खमीर त्या डोणीच्या लाकडात मुरलेलं असणार, तेच पिठात उतरलं असणार. मी तसाच चपला घालून गावात गेलो.

बाळाराम अंगणात लाकडं रचत होता. मला बघून त्याने बाकडं पुसलं, घरात पाण्यासाठी हाक मारली. मी बसता बसता विचारलं, डोणी दुरुस्त झाली का? तर म्हणाला, जुनी फाटली ती चुलीत घातली, नवी आंब्याच्या लाकडाची करून घेतली. दाखवली. पांढरी फटक होती, अजून रंधलेल्या लाकडाचा वास येत होता.

मी घोटभर पाणी प्यालो. म्हणालो, उस्तादांचं खमीर गेलं रे अखेर, जिवाला फार लागलं. यावर तो जरा गोंधळला.

‘‘उस्तादचा खमीर?’’ म्हणाला. ‘‘तो कवाच नाय रं दादा. मुंबईशी आनला नि ओट्यावर ठेवला. आमची कारभारीन तवा नवी नवरी. तिला वाटला, कालचा पीठ आंबलाय. मीठ घातला नि घावनं केली. आमी सगल्यांनी खाल्ली. बरी झालती.’’

मी म्हटलं, मग इतकी वर्षं? तर म्हणाला, तुझ्यासारखंच, माडीवर नवं धरलं. उस्ताद रागावतील म्हणून कुणाला सांगितलं नाही, पुढे विसरूनच गेलो.

घावनं. ज्या मडक्यासाठी मी इतकी वर्षं रक्त आटवलं, ज्याच्या नावाने वाशीभर डंका पिटला, त्याची बाळारामच्या घरच्यांनी मीठ घालून न्याहारी केली होती. दारात त्याची बायको उभी होती, तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू यायला हवं होतं. आता लिहिताना येतं. तेव्हा नाही आलं.

मी उठलो, पण पाय निघेना. मग मी जे कधी कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, बाळाराम, खरं सांग. तू करणारा आहेस, तुला कळतं. माझा पाव तुला कसा वाटतो?

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. उत्तर द्यायला त्याला फार जड जात होतं, हे दिसत होतं. चांगलं म्हण, वाईट म्हण, पण काहीतरी म्हण, असं झालं.

‘‘खाल्ला नाय कवा, दादा,’’ तो म्हणाला. ‘‘मी पाव खातच नाय. माजा पन नाय खात. मना पित्त होते. आमच्या घरान भाकरी.’’

तेव्हा मला आठवलं, माझगावलाही तो दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट फडक्यातून सोडून बसायचा. आम्ही सगळे भट्टीतला गरम पाव चहात बुडवून खायचो. मला वाटायचं, गावची सवय आहे, जाईल हळूहळू. म्हणजे मी जी शर्यत लावली होती, ती लागली आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. मी धावत होतो आणि तो त्याच्या अंगणात लाकडं रचत होता. जळायलाही दोन माणसं लागतात हो. मी एकटाच जळत होतो.

घरी आलो तर वत्सलाने चहा टाकलेला. काय म्हणाला बाळाराम आपल्या पावाला, असं तिने विचारलं. मी कुठे गेलो होतो आणि कशाला, हे तिला न सांगताच कळलेलं होतं. मी म्हणालो, चांगला आहे म्हणाला.

तिने चहा कपात ओतला.

‘‘त्याला काय कळतंय?’’ ती म्हणाली. ‘‘तो पाव खात नाही. त्याच्या बायकोने मला कधीच सांगितलंय.’’

मग तिने बशीत पाव ठेवून बशी माझ्याकडे सरकवली. कुणाचा, ते मी विचारलं नाही. पहिल्या घासाला कळलं.